दावं घातलं का?

जेवण झाल्याशिवाय होडीच्या आउटबोर्ड मोटरला हात लावू नये, असं धाकट्याचं ठाम मत होतं. रिकाम्या पोटी स्टार्टर ओढत बसलं की माणूस मोटरवर कमी आणि जगावर जास्त चिडतो. म्हणून त्या दुपारी तो ताईकडे पोचला तो भरल्या पोटाने, हातात पान्यांची पेटी घेऊन आणि डोक्यात फारसं काही न घेता. बहिणीची मोटर चालू होत नाही, भावाला मोटरी दुरुस्त करता येतात, यात विचार करण्यासारखं होतं तरी काय?

धाकटा म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. पन्नाशीला आला, डोक्यावरचे केस गेले, तरी धक्क्यावर सगळे त्याला धाकटाच म्हणायचे. कारण ताई तशी हाक मारायची, आणि ताईची हाक धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. त्याचं खरं नाव त्याच्या दुकानाच्या पाटीवर होतं, पण ती पाटी वाचायची कुणाला कधी गरज पडली नव्हती.

ताईचं घर खाडीला अगदी लागून. मागच्या अंगणात दोन खुंट रोवून त्यांवर आडवी फळी ठोकलेली, त्या फळीला मोटर आवळलेली, आणि मोटरचं खालचं टोक पाण्याच्या पिंपात बुडालेलं. होडीवर चढवण्याआधी मोटर अशीच पिंपात चालवून बघतात. ताईचा नवरा, म्हणजे भाऊजी, गेल्यापासून ती गोणपाटाखाली पडून होती. ताईने सकाळीच ती उचलून इथे आणली होती. एकटीने. धाकट्याने त्यावरून दोन शब्द सुनावले, ताईने ते ऐकल्यासारखं केलं आणि चहा टाकायला आत गेली.

घाई होती ती अशासाठी. खाडीच्या पलीकडच्या वस्तीत रोज सकाळी एक नर्सबाई आणि एक मास्तर इकडून जायचे. ती फेरी इतकी वर्षं भाऊजींची होती. भाऊजी गेल्यावर धक्क्यावरच्या साहेबाने ती दुसऱ्या एकाला देऊन टाकली. ताईने त्या साहेबाचा पिच्छा पुरवला. रोज जायची आणि त्याच्या टेबलासमोर गप्प बसायची. शेवटी साहेबच वैतागला आणि म्हणाला, ठीक आहे, उद्याची सकाळची फेरी तुम्ही करून दाखवा, जमली तर तुमची, नाही जमली तर पुन्हा माझ्यापुढे हा विषय नको. होडी हाकायला ताईला लग्नाआधीपासून येत होती. अडलं होतं ते मोटरपाशी.

फेरी मिळाली नसती तर ताईला भावाच्या घरी राहायला यावं लागलं असतं. धाकट्याची त्याला काही हरकत नव्हती, त्याच्या बायकोचीही नव्हती. पण ताईने एकदाच स्पष्ट सांगून टाकलं होतं की तुझ्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भाजी निवडत बसायला मी अजून म्हातारी झालेले नाही. हे ती हसत म्हणाली होती. त्या हसण्यामागचं धाकट्याला बरोबर कळलं होतं, आणि म्हणूनच आज त्याने दुकान बंद ठेवलं होतं.

आता पुढचं सांगण्याआधी त्या दाव्याचं सांगायला हवं, नाही तर कळायचं नाही.

आउटबोर्ड मोटरला एक लाल दोरी असते, जुन्या टेलिफोनच्या वायरसारखी वेटोळी. तिच्या एका टोकाला प्लास्टिकचा चाप असतो, तो मोटरच्या बटणाखाली बसतो. दुसऱ्या टोकाला पट्टा असतो, तो होडी चालवणाऱ्याने मनगटात घालायचा. चालवणारा पाण्यात पडला की दोरी ताणली जाते, चाप निसटतो आणि मोटर जागच्या जागी बंद पडते. होडी आपल्या माणसाला टाकून पुढे जात नाही. इतकी साधी, शहाणपणाची गोष्ट. पण धक्क्यावरच्या दीडशहाण्यांनी तिला नाव पाडलं दावं. झालं! एकदा दावं म्हटल्यावर ते मनगटाला बांधून कोण घेणार? आम्ही काय गोठ्यातली जनावरं आहोत? मग सगळे काय करायचे, चाप बटणाखाली बसवायचे आणि पट्टा मोटर वळवायच्या दांड्याला अडकवून द्यायचे. मोटर चालायची, दावं जागेवर दिसायचं आणि मनगट मोकळं राहायचं.

भाऊजी त्यातलेच. रोज सकाळी होडी सुटली की ताई मागच्या दारातून ओरडायची, "दावं घातलं का?" आणि भाऊजी मागे वळूनसुद्धा न बघता म्हणायचे, "घातलंय, घातलंय." दोनदा म्हणायचे. खोटं बोलताना माणूस दोनदा बोलतो, हे ताईला ठाऊक होतं. पण रोज सकाळी नवऱ्याशी कोण भांडत बसणार?

मग एका संध्याकाळी पलीकडून एकटेच परत येताना भाऊजी पाण्यात पडले. खाडीच्या मध्यावर जुने लाकडी दोन खांब आहेत, त्यांच्यापाशी. कसे पडले ते कुणी पाहिलं नाही. लोकांना दिसली ती होडी, त्या खांबांभोवती रिकामीच गोल गोल फिरत असलेली. मोटर जोरात चालू, दावं दांड्याला नीट अडकवलेलं. पेट्रोल संपेपर्यंत ती तशीच फिरत होती. भाऊजी नंतर सापडले, बरंच खाली, वळणापाशी. पट्टीचे पोहणारे होते ते. होडी थांबली असती तर हात पोचला असता. हे धक्क्यावर सगळ्यांना कळलं होतं आणि ताईसमोर कुणी तोंडातून काढलं नव्हतं.

तर असं होतं. धाकट्याने बाह्या सरसावल्या आणि कामाला लागला.

चालू न होणाऱ्या मोटरीत तीन गोष्टी बघायच्या असतात. पेट्रोल येतंय का, ठिणगी पडतेय का, हवा मिळतेय का. त्याने टाकीतलं जुनं पेट्रोल ओतून नवं भरलं. झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल केला, कारण निम्म्या मोटरी तो आवळलेला राहिल्यामुळेच रुसतात आणि मालक भलत्याच गोष्टीवर खर्च करत बसतो. नळीतला रबरी फुगा दाबला, तो हातात टणक झाला. पेट्रोल येत होतं. प्लग काढला, काळा पडला होता, घासला, बॉडीला टेकवून स्टार्टर ओढला. निळी ठिणगी, चांगली टपोरी. कार्बोरेटर खोलून त्याची बारीक भोकं फुंकून साफ केली. पुन्हा जोडला. चोक ओढला. चाप बटणाखाली बसवला आणि हाताला सवय होती तसा पट्टा दांड्याला अडकवला.

स्टार्टर ओढला. मोटर खोकली आणि गप्प झाली. पुन्हा ओढला. पुन्हा तेच. ओढून ओढून धाकट्याचा खांदा भरून आला, मानेवरून घाम उतरला, आणि भरल्या पोटाचा काही उपयोग होईनासा झाला. खोकण्यातही काहीतरी विचित्र होतं. बिघडलेली मोटर कशीही अडखळते. ही मात्र व्यवस्थित सुरुवात करायची आणि मग कुणी बटण दाबावं तशी बंद व्हायची.

ताई चहा घेऊन बाहेर आली. तिची नजर दांड्यावर गेली आणि तिथेच थांबली. कप खाली ठेवून तिने तो पट्टा सोडवला, धाकट्याचा हात ओढून घेतला आणि मनगटात घातला. या घरात ते दांड्याला लटकलेलं मला पुन्हा दिसता कामा नये, एवढंच म्हणाली. धाकट्याला स्वतःचीच लाज वाटली. इतक्या वर्षांत हे आपल्याला सुचू नये, आणि तेही या मोटरीवर...

मग हात रिकामा कशाला ठेवायचा म्हणून त्याने स्टार्टर ओढला. मोटर पहिल्याच ओढीला चालू झाली.

पिंपातलं पाणी घुसळून निघालं, निळसर धूर अंगणभर पसरला. ताई हसली. धाकटाही हसला. त्याला वाटलं, चला, साफसफाईचं फळ मिळालं. चहा घ्यायला म्हणून त्याने पट्टा मनगटातून काढला. चाप जागेवरच होता, दोरी सैल होती. आणि मोटर बंद पडली.

बटण खराब असणार, दुसरं काय? ताई भांडी घासायला आत गेल्यावर त्याने बटण खोललं. आत काही नव्हतं, गंज नाही, ओल नाही. मग त्याने सरळ त्याच्या दोन्ही वायरीच सोडवल्या. हे मेकॅनिकचं शेवटचं हत्यार. वायरी सोडवल्यावर मोटरचा आणि त्या दोरीचा काही संबंधच उरत नाही. दोरी मनगटात घाला, खुंटीला टांगा, पाण्यात टाका, मोटरला कळायचं कारण नाही. त्याने पट्टा दांड्याला अडकवला आणि ओढलं. खोकून गप्प. पट्टा मनगटात घातला आणि ओढलं. पहिल्या ओढीला चालू. मग त्याने फार सावकाश, एकेक बोट करत, पट्ट्यातून हात बाहेर काढला. शेवटचं बोट सुटलं आणि मोटर थांबली.

अंगणात एकदम शांत झालं. पेट्रोलच्या वासात आणखी एक वास मिसळला होता, भिजलेला सदरा बरेच दिवस गुंडाळून ठेवला की येतो तसा. पिंपातलं पाणी अजून हलत होतं. धाकटा ते पूर्ण स्थिर होईपर्यंत बघत राहिला आणि मग त्याने वायरी पुन्हा जिथल्या तिथे जोडल्या.

ताईला त्याने सांगितलं की कुठेतरी कनेक्शन सैल होतं, आवळलंय. ताई पदराला हात पुसत दारात उभी होती. ती म्हणाली, "मी खिडकीतून बघत होते रे."

त्याने पाना पेटीत टाकला.

"भीती वाटली तुला?"

"वाटली," धाकटा म्हणाला. मोठ्या बहिणीपुढे कसला आव आणायचा?

तिला मात्र भीती वाटलेली दिसत नव्हती. उलट इतक्या महिन्यांत तिचा चेहरा असा निवलेला त्याने पाहिला नव्हता.

ऊन कलल्यावर त्यांनी मोटर होडीवर चढवली आणि एक फेरी मारून बघायचं ठरवलं. ताई मागे दांड्यापाशी बसली, पट्टा मनगटात घातला, एका ओढीत मोटर चालू केली. धाकटा पुढच्या फळीवर तिच्याकडे तोंड करून बसला. पाणी सपाट होतं. मोटर इतकी सुरेख चालत होती की दुसरी कुठली मोटर असती तर धाकट्याला अभिमान वाटला असता. दोन खांब जवळ आले तशी ताईने गती कमी केली. खांबांना हिरवं शेवाळ चढलं होतं आणि पाणी त्यांना चाटून पुढे जाताना बारीक आवाज करत होतं.

तिथे ताई बोलायला लागली. धाकट्याशी नव्हे. ती पाण्याकडे बघत होती, आवाज अगदी रोजचा, जेवायला वाढताना बोलावं तसा.

"रोज विचारायचे मी. रोज खोटं बोललात माझ्याशी. एकदा... एकदा तरी खरंच घालायचं होतं हो."

मग ती रडली. मोठ्याने रडली, दांडा सोडला नाही, आणि होडी हळूहळू खांबांना वळसा घालत राहिली. धाकट्याचेही डोळे भरले. त्याला भाऊजी आवडायचे. धक्क्यावर चेष्टा करायला तेवढा एकच माणूस होता, आणि तो एका पट्ट्यापायी गेला होता. दोघं परत आले तेव्हा अंधारून आलं होतं, पण मन हलकं होतं. रात्री धाकट्याला गाढ झोपही लागली.

सकाळी धुकं होतं, फार दाट नाही. धक्क्यावर नर्सबाई तिच्या औषधांच्या खोक्यासह हजर, मास्तर छत्री घेऊन हजर, आणि साहेब स्वतः मफलर गुंडाळून बघायला आलेला. ताईची नुसती धांदल. खोकं नीट ठेव, मास्तरांना मध्ये बसव, नर्सबाईंचा पाय घसरेल म्हणून हात दे. धाकट्याने दोर सोडला. मोटर पहिल्या ओढीला चालू झाली. साहेबाने मान डोलावली. ती मान डोललेली बघून धाकट्याचा जीव भांड्यात पडला. फेरी ताईचीच होणार होती.

होडी धक्क्यापासून सुटून वळली तेव्हा त्याच्या तोंडून आपोआप गेलं, "दावं घातलं का?"

"घातलंय, घातलंय."

छान, असं त्याच्या मनात आलं. होडी दहा-पंधरा हात पुढे गेली आणि मग त्याच्या लक्षात आलं की उत्तर दोनदा आलं होतं. आवाज कसा होता ते मोटरच्या घरघरीत नीट कळलं नव्हतं. तेवढ्यात ताईने वाऱ्याने सुटलेला रुमाल डोक्याला बांधायला दोन्ही हात वर केले. दोन्ही मनगटं उघडी होती. दांडा कुणी धरलेला नव्हता, तरी होडी सुतासारखी सरळ चालली होती. आणि ती लाल दोरी सैल लोंबत नव्हती. ताईच्या शेजारी, फळीच्या रिकाम्या अर्ध्या भागाकडे, ती आडवी ताणलेली होती.

धाकट्याने हाका मारल्या. ताईने लांबूनच हात हलवला. धुक्यात होडी दिसेनाशी झाली तरी मोटरचा आवाज मात्र येत राहिला, खांबांपर्यंत आणि खांबांच्या पुढेही, कुठेही न अडखळता.

ती वेळेवर परत आली, हसत, गाल थंडीने लाल झालेले. साहेबाने तिथल्या तिथे फेरी तिला देऊन टाकली. साहेब गेल्यावर धाकट्याने तिला बाजूला घेतलं आणि विचारलं, दावं का घातलं नाहीस? ताई म्हणाली, घाईत राहूनच गेलं, तू विचारलंस तेव्हा आठवलं.

"मग घातलंय म्हणून कशाला सांगितलंस?"

"मी कुठे काय बोलले? मला वाटलं, तूच चेष्टा केलीस... त्यांच्यासारखी."

मग धाकटा होडीत उतरला, पट्टा ताईच्या मनगटात घातला आणि तिला स्टार्टर ओढायला लावला. मोटर खोकली आणि गप्प झाली. स्वतःच्या मनगटात घालून बघितला. तेच. पट्टा काढून फळीवर नुसता ठेवला आणि ओढलं, तर पहिल्या ओढीला चालू. त्या दिवशी त्याने बटण बदललं, वायरी बदलल्या, नवी कोरी दोरी आणून बसवली. काही फरक पडला नाही.

"राहू दे रे," ताई म्हणाली. "घातलंय त्यांनी."

किती समाधानाने म्हणाली ती! त्या समाधानापुढे धाकट्याला पुढचं बोलवेना. जे त्याला दिसत होतं ते तिला दिसत नव्हतं, किंवा दिसूनही चालत होतं. दावं एकच असतं आणि ते एकाच मनगटात बसतं. आता होडी थांबली तर भाऊजींसाठी थांबेल. ताई पडली तर थांबणार नाही.

फेरी सुरू आहे. धाकट्याने तिला अंगात घालायचं तरंगणारं जाकीट आणून दिलं, ती ते पाठीशी उशी म्हणून घेते. नर्सबाई म्हणते, अशी मोटर अख्ख्या खाडीत नाही. धाकटा दुकान उघडण्याआधी रोज सकाळी धक्क्यावर येतो, दोर सोडतो, आणि होडी वळली की विचारतो, दावं घातलं का. न विचारता राहण्याची त्याची हिंमत होत नाही. उत्तर येतं, रोज येतं, दोनदा येतं, आणि तोपर्यंत तो श्वास सोडत नाही.

फक्त अलीकडे ते उत्तर होडीतून येत नाही. होडी अजून धक्क्याच्या अगदी जवळ असते, आणि आवाज येतो तो लांबून, दोन खांबांच्या बाजूने.